सूट, तहकुबी आणि रयतेची समजूत



आजच्या भाषणासाठी जो विषय मी निवडला आहे तो ऐकावयास काहीसा रुक्ष वाटेल. सरकारने कर बसवावा आणि प्रजेने तो भरावा, याचा इतिहास पुष्कळांनी लिहिला आहे. परंतु बसविलेला कर सरकारच जेव्हा सोडते, निम्मा करते किंवा पुढे ढकलते, तेव्हा ती सवलत ज्याच्यासाठी असते त्याच्या कानापर्यंत ती कशी जाते, गेलीच तर त्यास ती उमगते काय, आणि उमगली तर तो ती कोणाकडे मागतो, हा इतिहास फारसा कोणी सांगितलेला नाही. मी खानदेशातील, वरणगावकडचा एक जुना शाळामास्तर. मोठमोठ्या दप्तरांत बसून संशोधन करण्याचा माझा अधिकार नाही. तथापि जे वाचले आणि जे चावडीच्या पायरीवर बसून पाहिले, त्यावरून काही गोष्टी आपणांपुढे मांडतो.

प्रथम दोन शब्दांचा उलगडा करू. सूट म्हणजे सोडलेली रक्कम. ती पुन्हा मागावयाची नाही. तहकुबी म्हणजे केवळ मुदत. आज देऊ नको, पीक आले म्हणजे दे. वाणी जेव्हा म्हणतो, ‘राहू दे, दिवाळीला दे,’ तेव्हा त्याने उधारी सोडलेली नसते, हे आपल्या घरातील लहान मूलही जाणते. पण सरकारी कागदावर तहकुबीचा हुकूम निघाला की गावात बातमी पसरते ती सारा माफ झाल्याची. आणि पुढल्या वर्षी दोन वर्षांची मागणी एकदम दारात आली म्हणजे तोच शेतकरी सरकारास खोटे म्हणतो. यात सरकार खोटे नसते आणि शेतकरीही मूर्ख नसतो. मधला सांगणारा नसतो, एवढेच.

शहरातील सुशिक्षित कुटुंबांनी यास हसू नये. प्राप्तिकर भरणाऱ्या किती जणांस ‘वजावट’ आणि ‘करसवलत’ यांतील अंतर सांगता येईल? हजार रुपयांची वजावट उत्पन्नातून जाते. शेकडा वीस दराने कर भरणाराचे तिच्यामुळे दोनशे रुपये वाचतात. हजार रुपयांची करसवलत खुद्द करातून जाते. तिच्यामुळे हजारच्या हजार वाचतात. शब्द जवळजवळचे, फळ पाचपटीने निराळे. मग ज्याच्या हाती शिक्षण आले नाही त्याची काय कथा!

आता मागे जाऊ. शिवाजी महाराजांनी १६७६ साली प्रभावळीचा सुभेदार रामाजी अनंत यास लिहिलेले पत्र इतिहासाच्या अभ्यासकांच्या परिचयाचे आहे. त्यातील दयाळूपणाची स्तुती नेहमी होते, आणि ती योग्यच आहे. माझे लक्ष मात्र त्यातील कार्यपद्धतीकडे जाते. महाराज सुभेदारास असे सांगत नाहीत की हुकूम लिहून वेशीवर लाव. ते सांगतात की गावोगाव फीर, ज्या गावी जाशील तेथील कुणबी गोळा कर, कोणाजवळ माणूसबळ आहे पण बैल नाही, कोणास पोटास दाणा नाही, हे पाहून त्याप्रमाणे बैल, बी आणि दाणा दे. दिलेले वसूल करताना वाढीदिडी न करता केवळ मुद्दल, तेही त्यास शक्ती येईल तसतसे घे. अशा कामी दोन लाख लारीपर्यंत खर्च झाला तरी तो मान्य आहे, असेही त्यांनी कळविले आहे. म्हणजे सवलत देणारा अधिकारी स्वतः गावात उभा, मागणारा त्याच्या समोर, आणि बोलणे तोंडी. न समजण्यास जागाच थोडी. अर्थात प्रत्येक सुभेदार रामाजी अनंताएवढा फिरला असेल असे मानण्याइतका भाबडा मी नाही. पण पद्धत काय असावी हे धन्याच्या मनात स्पष्ट होते.

पेशवाईच्या अखेरीस ही घडी विस्कटली. खानदेशाची तर दैनाच झाली. होळकरांच्या फौजांनी १८०२-०३ साली मुलूख तुडविला आणि लागलीच १८०३-०४ चा दुष्काळ आला. गावेच्या गावे ओस पडली. पुढे १८१८ साली इंग्रजांचा अंमल आला, कॅप्टन ब्रिग्ज धुळ्यास येऊन बसला, आणि भिल्लांचा बंदोबस्त करता करता जमिनीच्या साऱ्याचा प्रश्न त्याच्या आणि त्याच्या मागून आलेल्यांच्या पुढे उभा राहिला. प्रारंभीच्या वर्षांत दख्खनेत सर्वत्र जे झाले ते असे: कागदावरचा आकार भारी, आणि दरसाल जमाबंदीच्या वेळी पीकपाणी पाहून सुटीची खैरात. वरून पाहता ही मोठी उदार व्यवस्था दिसते. परंतु सूट कोणास किती, हे ठरणार कोणाच्या यादीवरून? कुलकर्ण्याच्या. यादी मोडीत, वाचणारा तोच, लिहिणारा तोच. ज्याचे पीक बुडाले त्यास सूट मिळालीच पाहिजे असे नव्हते, आणि ज्याने कुलकर्ण्याचे घर धरले त्याचे पीक दरसाल कागदावर बुडत असे. रयतेच्या अडाणीपणावर मध्यस्थ कसा पोसला जातो, हे जोतीराव फुल्यांनी पुढे १८८३ साली ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहून चव्हाट्यावर मांडलेच आहे.

या दरसालच्या घासाघिशीस कंटाळून गोल्डस्मिड आणि विंगेट या दोन अधिकाऱ्यांनी १८३६ च्या सुमारास इंदापुरापासून नवी मोजणी सुरू केली, आणि १८४७ साली डेव्हिडसन यांच्यासह जो संयुक्त अहवाल सादर केला तो मुंबई इलाख्याच्या जमीनमहसुलाचा पाया ठरला. त्यातील कल्पना सुंदर आहे, हे मी निःसंकोचपणे म्हणतो. प्रत्येक शेताची मोजणी करावयाची, मातीचा रंग आणि खोली पाहून तिची नऊ प्रतींत वर्गवारी करावयाची, पहिली प्रत सोळा आणे, मग चौदा, बारा, असे उतरत उतरत नववी दोन आण्यांवर. त्यावरून सौम्य आकार ठरवावयाचा आणि तो तीस वर्षे वाढवावयाचा नाही. आकार सौम्य असल्यामुळे बऱ्या वर्षीची शिल्लक वाईट वर्षी उपयोगी पडेल, आणि दरसाल सुटीसाठी हात पसरण्याचे कारण उरणार नाही. सूटच नको, म्हणजे सुटीतील लबाडीही नको, असा हा हिशेब.

हा हिशेब तापीकाठच्या कुणब्यास कोणी सांगितला होता काय? येथे आपण १८५२ सालाशी येतो. वरणगावाहून तापी ओलांडली की पलीकडे सावदे आणि फैजपूर. मोजणीचे काम त्या भागात येताच लोक बिथरले. सावद्यास दहा ते पंधरा हजारांचा जमाव जमला, असे सरकारी गॅझेटियरात नमूद आहे. ज्या काळी सावद्यासारख्या कसब्याची वस्तीही इतकी नसेल, त्या काळी एवढी माणसे जमतात, याचा अर्थ आसपासच्या गावांतून घरटी माणूस आला असला पाहिजे. फौजेची तुकडी येऊन पुढाऱ्यांस धरीपर्यंत जमाव हटला नाही. तिकडे एरंडोलीकडेही हीच हवा होती.

हे लोक कशासाठी उठले? सरकारी लेखणीने त्यांस ‘असंतुष्ट’ म्हटले आणि विषय मिटविला. माझे अनुमान असे आहे, आणि ते अनुमान म्हणूनच घ्यावे: साखळी आणि निशाणे घेऊन परके लोक शेतात शिरले, बांध मोजू लागले, माती उकरून पाहू लागले. मोजले म्हणजे वाढणार, ही शेतकऱ्याची पिढीजात समजूत. शिवाय आजवर जी काही सूट दरसाल मिळत होती ती आता कायमची जाणार, एवढे मात्र त्याच्या कानी खचित गेले असावे, कारण ही बातमी पसरविण्यात ज्यांचे हित होते ते गावातच बसलेले होते. उलट आकार सौम्य राहील आणि तीस वर्षे कोणी हात लावणार नाही, ही दुसरी अर्धी बातमी इंग्रजी अहवालात बंद होती. अर्धी बातमी कळली, अर्धी राहिली, आणि पंधरा हजार माणसे उन्हात उभी राहिली. देशमुख-पाटलांस आपल्या हक्कांची धास्ती होती, हेही खरे असेल. पण पाटलाच्या धास्तीने एवढा जमाव उठत नाही. कुणब्याची स्वतःची काही भीती असावी लागते.

मोजणी पुढे पुरी झाली, कारण सत्ता सरकारची होती. पण ‘सूट नको’ हे तत्त्व अवर्षणापुढे टिकले नाही. सारा ठरलेला, पाऊस न ठरलेला! १८७६-७७ च्या दुष्काळाने दख्खन भाजून निघाल्यावर दुष्काळाचे नियम तयार झाले, पीक बुडाल्यास तहकुबी आणि सूट यांची तरतूद पुन्हा मान्य झाली. १८७९ च्या मुंबई जमीनमहसूल कायद्याने सारा घेणाराने पावती दिलीच पाहिजे असेही बंधन घातले. नियम होते. फक्त ते रयतेस ठाऊक नव्हते.

ते तिला ठाऊक करून देण्याचा पहिला मोठा उद्योग १८९६ साली झाला, आणि तो सरकारने केला नाही. पुण्याच्या सार्वजनिक सभेने दुष्काळाच्या नियमांचा मराठीत सारांश करून पत्रके वाटली, गावोगाव माणसे पाठविली, सभा भरविल्या. ‘केसरी’तून टिळकांनी तोच विषय लावून धरला: नियमांप्रमाणे जी सवलत तुमची आहे ती मागा, ज्यास देण्याची ऐपत नाही त्याने घरदार विकून सारा भरू नये. विचार करा, यात सरकारविरुद्ध काय होते? सरकारचाच नियम सरकारच्याच प्रजेस वाचून दाखविला होता. तरीही सभेचे प्रतिनिधी प्रा. अच्युत सीताराम साठे यांच्यावर ठाणे जिल्ह्यातील उंबरगाव भागातील सभेवरून खटला भरण्यात आला, आणि १८९७ साली सरकारने सार्वजनिक सभेचा सरकारकडे निवेदने करण्याचा अधिकारच अमान्य केला. नियम करावा, पण तो ज्याच्यासाठी केला त्यास कळू नये, असा हा विलक्षण न्याय होता. मला वाटते, त्या काळच्या अधिकाऱ्यांस खरी भीती पैशाची नव्हती. सवलतीचे काही हजार रुपये गेले असते तर गेले असते. हक्क म्हणून मागण्याची सवय लागेल, ही भीती होती. कृपा म्हणून दिलेल्या सुटीचे स्पष्टीकरण द्यावे लागत नाही.

त्यानंतर तीनच वर्षांनी छप्पन्याचा दुष्काळ आला. संवत १९५६, म्हणजे इसवी सन १८९९-१९००. खानदेशातील जुनी माणसे कालगणना करताना ‘छप्पन्याच्या आधी’ आणि ‘छप्पन्याच्या मागून’ असे म्हणत, हे माझ्या आजीच्या तोंडून मी ऐकले आहे. तिनेही ते तिच्या सासूकडून ऐकले असेल. सर अँटनी मॅक्डोनेल यांच्या अध्यक्षतेखाली जे दुष्काळ कमिशन बसले, त्याने १९०१ साली दिलेल्या अहवालातील एक विचार मला फार मोलाचा वाटतो. संकटाची चाहूल लागताच तहकुबी आणि तगाई जाहीर करून लोकांस धीर द्यावा. धीर खचल्यावर दिलेली मदत निम्मी वाया जाते, असा त्याचा आशय. दुसरा मुद्दा वादाचा होता. मुंबई सरकारचा कल प्रत्येक खातेदाराची ऐपत स्वतंत्र तपासून मगच सवलत देण्याकडे असे. दिसावयास हे न्यायाचे दिसते. पण हजारो खातेदारांची चौकशी करणार कोण? पुन्हा तोच गावकामगार! आणि चौकशी पुरी होईपर्यंत हप्त्याची तारीख उलटून गेलेली. म्हणून त्या त्या भागाचे पीक पाहून सरसकट तहकुबी द्यावी, हे धोरण पुढे १९०५ च्या हिंदुस्थान सरकारच्या ठरावाने मान्य झाले. जेथे नियम साधा तेथे तो सांगताही येतो, ही गोष्ट त्यावेळी ध्यानात आली.

आण्यांनी पीक मोजण्याची जी आणेवारी, तिच्यावर हे सर्व टांगलेले. सोळा आणे म्हणजे भरपूर पीक. चार आणे किंवा त्याहून कमी पीक आले तर त्या साली संपूर्ण तहकुबी मागता येई. आता चार आणे की सहा आणे, हे ठरवावयाचे कोणी? याच प्रश्नावर १९१८ साली गुजरातेत खेडा जिल्ह्यात सत्याग्रह झाला. त्याची कथा आपणांस ठाऊक आहे. तिचा शेवट मात्र क्वचित सांगितला जातो. जे खरोखर भरू शकत नाहीत त्यांच्याकडील वसुली तहकूब ठेवावी, असा हुकूम २५ एप्रिललाच मामलेदारांकडे गेला होता. लोकांस तो कळविण्यात आला नाही. उत्तरसंडे गावी ३ जूनला मामलेदाराने तो प्रथम सांगितला. मधल्या पाच-सहा आठवड्यांत जप्त्या चालू राहिल्या. जी गोष्ट दिली होती तीच मिळावी म्हणून माणसे तोवर भांडी आणि गुरे गमावीत होती. गांधीजींनी हा शेवट डौलाचा नाही असे मानले, आणि ते खरेच आहे.

आमच्या पूर्व खानदेशात असाच प्रश्न १९३८ साली अतिवृष्टीने निर्माण केला. आता मुंबईस लोकांचे, काँग्रेसचे मंत्रिमंडळ होते, बाळासाहेब खेर मुख्य प्रधान होते. आणि त्याच्या आधी दोनच वर्षे फैजपूरच्या अधिवेशनात, म्हणजे १८५२ च्या जमावाच्या त्याच मुलखात, साऱ्याचा बोजा कमी करण्याचा ठराव झाला होता. साने गुरुजी अमळनेराहून ‘काँग्रेस’ नावाचे साप्ताहिक काढीत होते. सारा माफ व्हावा म्हणून ते गावोगाव हिंडले. आपल्याच पक्षाच्या सरकारास अडचणीत आणणे त्यांस सुखाचे गेले नसेल. एका शिक्षकाने हे काम अंगावर घ्यावे, याचा मला व्यवसायबंधू म्हणून अभिमान वाटतो, हे येथे जाता जाता सांगून ठेवतो.

स्वातंत्र्य आले, १९५७ साली आणे गेले, आणेवारीची पैसेवारी झाली. गावची पैसेवारी पन्नास पैशांच्या आत आली म्हणजे टंचाईच्या सवलती लागू व्हावयाच्या, अशी रीत महाराष्ट्रात दीर्घकाळ चालली. त्या सवलती नुसत्या साऱ्याच्या नव्हेत. खरे तर आज साऱ्याची रक्कम इतकी क्षुल्लक आहे की तिच्या सुटीने कोणाचे घर तरत नाही. सहकारी कर्जाचे पुनर्गठन, शेतीकर्जाच्या वसुलीस स्थगिती, कृषिपंपाच्या चालू वीजबिलात साडेतेहेतीस टक्के सूट, पंपाची जोडणी न तोडणे, आणि विद्यार्थ्यांच्या परीक्षाशुल्काची माफी, या त्यातील वजनदार गोष्टी. केंद्राच्या २०१६ च्या दुष्काळ संहितेने पर्जन्यमान, मातीतील ओल, उपग्रहाने टिपलेली पिकांची हिरवाई अशी नवी मापे आणली. मापे अधिक शास्त्रीय झाली, यात शंका नाही. पण पूर्वीच्या शेतकऱ्यास निदान ‘आपले पीक चार आणे आहे’ असे म्हणून भांडता येत होते. उपग्रहाशी तो काय भांडणार?

पैसेवारी ठरविण्यास गावात समिती असते, हंगामी आकडे जाहीर करून हरकती मागवावयाच्या असतात. तो कागद ज्यांस आपण अजून तलाठीच म्हणतो त्यांच्या कचेरीच्या फळ्यावर लागतो. मी तो अनेकदा वाचला आहे. त्यावर आकडा असतो. परंतु त्या आकड्यामुळे गावास काय मिळणार किंवा काय जाणार, हरकत कोणत्या तारखेपर्यंत आणि कोणाकडे द्यावयाची, हे एका ठिकाणी, बाजाराला आलेल्या माणसास उभ्याने वाचता येईल अशा अक्षरांत लिहिलेले मला क्वचितच आढळले. वीजबिलातील सुटीचेही तेच. बिलावर एक वजा रक्कम छापून येते. ती का वजा झाली हे लिहिलेले नसते, म्हणून एखाद्या महिन्यात ती न आल्यास विचारण्याचे कोणाच्या मनातही येत नाही. ज्या सवलतीचे कारण पावतीवर नाही ती चुकली तरी कळत नाही, आणि बंद झाली तरी कळत नाही.

दुसऱ्यांस नावे ठेवण्यापूर्वी स्वतःची गोष्ट सांगितली पाहिजे. मी नोकरीत असताना एका टंचाईच्या वर्षी दहावीच्या मुलांचे परीक्षाशुल्क परत मिळणार असल्याचे परिपत्रक शाळेत आले. मी ते वर्गात स्वच्छ आवाजात, शब्द न गाळता वाचून दाखविले: ‘टंचाईग्रस्त गावांतील विद्यार्थ्यांच्या परीक्षाशुल्काची प्रतिपूर्ती.’ वाचून फलकावर लावले आणि माझे कर्तव्य संपले असे मानले. दोन दिवसांनी मागल्या बाकावरचा एक मुलगा दबकत दबकत जवळ आला आणि म्हणाला, ‘सर, ती प्रतिपूर्ती किती भरायची आहे? बाबा म्हणतात, कापूस विकल्यावर देतो.’

त्यास वाटले, ती आणखी एक फी आहे.

मी त्याच दिवशी फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिले: ‘तुम्ही भरलेली फी तुम्हांस परत मिळणार आहे. त्यासाठी आपल्या गावाचे नाव आणि बँकेतील खात्याचा क्रमांक शनिवारपर्यंत आणा.’ बहुतेक मुलांनी आणले. तिघांची खातीच नव्हती. ती उघडून येईपर्यंत मुदत गेली आणि त्यांची रक्कम राहिली ती राहिलीच. त्या तिघांत तो मुलगाही होता. त्याचे वडील पुढे बाजारात भेटले, तेव्हा त्यांनी मला तक्रारीचा एक शब्दही ऐकविला नाही. ‘तुम्ही सांगितले, हेच पुष्कळ झाले, मास्तर,’ एवढेच म्हणाले आणि कापसाच्या गाडीमागे निघून गेले.